एका अंगावर

बुधवार, ४ मार्च २०२०

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने रिझर्व्ह बँकेचं ६ एप्रिल २०१८चं परिपत्रक रद्द केलं. त्या परिपत्रकामुळे जवळपास दोन वर्षं देशातल्या बँकांना बिटकॉइनसारख्या आभासी चलनाच्या धंद्याला हात लावता येत नव्हता. निकाल १८० पानांचा होता. तो फार थोड्यांनी वाचला, मथळा सगळ्यांनी. मीही मथळाच वाचला.

गुरुवार, ५ मार्च

दुपारी ०.१ बिटकॉइन घेतलं. अख्ख्या नाण्याचा भाव ९,००० डॉलरच्या आसपास होता. मला ६६,००० रुपये पडले.

संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध आले. ३ एप्रिलपर्यंत खात्यातून जास्तीत जास्त ५०,००० रुपये काढता येणार होते. दुसऱ्या दिवशी मुंबईत एटीएमपुढे रांगा लागल्या. आमच्या व्हॉट्सअॅपच्या गटात कुणीतरी लिहिलं, ‘बँक बुडते, बिटकॉइन बुडत नाही.’ त्याला अकरा अंगठे आले. एक माझा.

तेव्हा सगळे असंच समजत होते. शेअर बाजार एकीकडे, बिटकॉइन दुसरीकडे, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, एक पडला तर दुसरा तारेल. हे अगदी हवेतलं बोलणंही नव्हतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने पुढे जानेवारी २०२२मध्ये आकडे मांडले. २०१७ ते २०१९ या काळात बिटकॉइन आणि अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक यांच्या रोजच्या चढउतारातला सहसंबंध ०.०१ होता, म्हणजे नसल्यातच जमा. २०२० आणि २०२१ मिळून तो ०.३६ झाला. मी नाणं घेतलं त्याच आठवड्यात पहिला आकडा जुना होऊ लागला होता.

रविवार, ८ मार्च

शुक्रवारी तेलउत्पादक देशांची रशियाबरोबरची बोलणी फिसकटली होती. आता सौदी अरेबियाने तेलाचे भाव पाडले. रविवारी जगातले बहुतेक शेअर बाजार बंद असतात, बिटकॉइनचा बाजार बंद होत नाही. ९,००० डॉलरच्या आसपास असलेला भाव दिवसभरात ८,०००च्या जवळ आला.

ही पहिली सूचना. जे नाणं तेलापासून आणि शेअरपासून वेगळं म्हणून घेतलं होतं, ते तेलाच्या बातमीवर पडलं, तेही शेअर बाजार उघडायच्या आत. मी याचा अर्थ ‘रविवारी गिऱ्हाईक कमी असतं’ असा लावला.

सोमवार, ९ मार्च

सेन्सेक्स १,९४१.६७ अंशांनी पडला. पुण्यात करोनाचे दोन रुग्ण सापडले, महाराष्ट्रातले पहिले. रात्री रेवसला, आत्याच्या गावी, होळी पेटली. मंगळवारी धुळवड, बाजाराला सुट्टी.

बुधवार, ११ मार्च, दुपार

मुंबईत भाऊच्या धक्क्यावर रेवसच्या लाँचची वाट बघत असताना मोबाइलवरून निफ्टी फ्युचर्सचा एक लॉट घेतला. ७५ नग, १०,४५०च्या भावाने. सौदा पावणेआठ लाखांच्या वरचा, पण खिशातून मार्जिन तेवढं भरायचं. सोमवारी बाजार एवढा पडला होता की आता आणखी कुठे जाणार, हा हिशेब. ठरावीक तोट्याला सौदा आपोआप कापणारा स्टॉपलॉस लावला नाही. तो भरायला आणखी दोनदा बोट टेकवावं लागलं असतं, आणि लाँच लागली होती.

रात्री १०

रेवसला आत्याच्या ओटीवर रेंज येत-जात होती. जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची साथ ही जागतिक महासाथ असल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक १,४६५ अंशांनी उतरला.

गुरुवार, १२ मार्च, सकाळी ६:३०

वॉशिंग्टनमध्ये बुधवारची रात्र. डोनाल्ड ट्रम्प यांनी टीव्हीवरून सांगितलं की युरोपातल्या बहुतेक देशांतून अमेरिकेत येणाऱ्यांना तीस दिवस बंदी. बोलण्याच्या ओघात बंदी मालवाहतुकीलाही आहे असं निघालं. ते नंतर दुरुस्त केलं गेलं. दुरुस्ती येईपर्यंत अमेरिकी निर्देशांकांचे वायदे उतरले होते. बिटकॉइनही ७,९००वरून खाली सरकू लागलं.

आत्याने चहा ठेवला, स्वतः घेतला नाही. संकष्टी होती. चंद्र दिसेपर्यंत तिचं पाणी आणि दोन केळी.

सकाळी ९:१५

मुंबईचा बाजार उघडला तोच हजारावर अंश खाली.

दुपारी ३:३०

बाजार बंद झाला. सेन्सेक्स २,९१९.२६ अंशांनी पडून ३२,७७८.१४. निफ्टी ८६८.२५ने पडून ९,५९०.१५. गुंतवणूकदारांचे सुमारे अकरा लाख कोटी रुपये कागदावरून उतरले.

माझ्या ७५ नगांवर निर्देशांकाच्या हिशेबाने ६५ हजारांचा खड्डा. गेल्या गुरुवारी बिटकॉइनला घातले जवळपास तेवढेच. गंमत म्हणून लिहीत नाही. त्या क्षणी मला खरंच वाटलं की इकडचं गेलं, तिकडचं आहे.

संध्याकाळी ४ ते ५

दलाल स्ट्रीटवर दिवे मालवले जात असताना बिटकॉइन कोसळलं. ७,०००च्या वरून ६,०००च्या खाली, तासाभरात. त्या तासात बिटकॉइनबद्दल कुठलीही नवी बातमी नव्हती.

कारण बाजाराच्या पोटात होतं. परदेशातल्या काही एक्स्चेंजांवर बिटकॉइनचे वायदे शंभर पटीपर्यंत उचलता येत. १०० डॉलर ठेवून १०,००० डॉलरचा सौदा. भाव उलट दिशेला एक टक्का हलला की १०० गेले, आणि सौदा माणूस नाही, यंत्र कापतं. कापायचं म्हणजे विकायचं. विकलं की भाव आणखी उतरतो आणि पुढचा सौदा कापायच्या रेषेवर येतो. त्यात पुष्कळांनी तारण म्हणून बिटकॉइनच ठेवलेलं. भाव पडला की सौद्यात तोटा, आणि त्याच वेळी तारणही हलकं. शेअर बाजारात अशा वेळी निदान साडेतीन वाजतात. इथे वाजत नाहीत.

संध्याकाळी ७:००

दोन गोष्टी एकाच ठोक्याला. फ्रँकफुर्टमध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षा ख्रिस्तीन लागार्ड पत्रकारांपुढे बसल्या. वेगवेगळ्या देशांच्या रोख्यांच्या व्याजातली तफावत मिटवणं हे बँकेचं काम नाही, अशा अर्थाचं त्या बोलल्या आणि इटलीचे रोखे कोसळले. न्यूयॉर्कमध्ये बाजार उघडला.

७:०५

एस अँड पी ५०० सात टक्के खाली. पंधरा मिनिटं व्यवहार बंद. त्या आठवड्यात दुसऱ्यांदा.

त्या दिवशी सोनंही उतरलं. इथे जरा थांबायला हवं, कारण खरी गोम इथे आहे. भीतीच्या दिवसांत सोनं चढतं हे आपल्याकडे आजीसुद्धा सांगते. पण ज्याला संध्याकाळपर्यंत रोख भरायची आहे तो आपल्याकडचा वाईट माल विकत नाही, कारण त्याला गिऱ्हाईक नसतं. ज्याला गिऱ्हाईक आहे तो माल विकतो. सोनं विकलं जातं, सरकारी रोखे विकले जातात आणि चोवीस तास उघडं दुकान असलेलं बिटकॉइन सर्वांत आधी विकलं जातं. शेअरचा आणि बिटकॉइनचा एकमेकांशी काही संबंध असावाच लागत नाही. दोन्ही एकाच माणसाच्या खिशात असले की पुरतं.

रात्री ९:४०

ब्रोकरचा एसएमएस. मार्जिन कमी, उद्या बाजार उघडण्यापूर्वी भरा, नाहीतर सौदा कापला जाईल. बँकेत १८,००० रुपये होते.

रात्री १० च्या आसपास

चंद्र उगवला. आत्याने ताटात दूर्वा ठेवल्या, ओवाळलं, आणि मग आम्ही जेवलो. मोदक दोन खाल्ले.

बिटकॉइन तेव्हा ६,००० डॉलरच्या आसपास होतं. माझ्या ०.१चे ४४,००० रुपये आले असते. बँकेतले मिळवले की ६२,०००. खड्डा जवळजवळ भरला असता.

विकलं नाही. ६६ हजारांची वस्तू ४४ला द्यायची जिवावर आली. सकाळी चढेल, मग बघू.

रात्री १०:३०

न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने दीड लाख कोटी डॉलरपर्यंतची उसनवारी बाजारात ओतायची तयारी जाहीर केली. निर्देशांक झटक्यात वर आले. मीही ‘बघ’ असं स्वतःला म्हणालो. आलेली उसळी थोड्याच वेळात ओसरली.

शुक्रवार, १३ मार्च, रात्री १:३०

न्यूयॉर्क बंद. डाऊ २,३५२.६० अंशांनी खाली, ९.९९ टक्के. ऑक्टोबर १९८७ नंतरचा सर्वांत वाईट दिवस. एस अँड पी ९.५१ टक्के खाली. शेअरवाले झोपायला गेले. बिटकॉइनचा बाजार मात्र जागाच होता.

मध्यरात्रीनंतर

इथर हे बिटकॉइनच्या खालोखालचं नाणं. दोन दिवसांपूर्वी १९० डॉलरच्या वर होतं, आता १००च्या आसपास. मेकर नावाच्या व्यवस्थेत लोक इथर तारण ठेवून ‘दाई’ हे नाणं कर्जाऊ घेत. एक दाई म्हणजे एक डॉलर. तारणाची किंमत कर्जाच्या दीडपटीखाली गेली की यंत्र ते लिलावात काढत असे. मधे सावकार नाही, बँक नाही, दया-माया नाही आणि वशिलाही नाही. याचंच कौतुक होतं.

त्या रात्री सगळ्या जगाला एकाच वेळी नाणी हलवायची होती. व्यवहाराची फी अनेक पटींनी चढली. बोली लावणाऱ्यांच्या बोली रांगेत अडकल्या. काही लिलावांत एकच बोली पोचली. ती शून्याची होती. यंत्राच्या नियमात शून्य बसत होतं. माल शून्याला गेला. अशा तऱ्हेने सुमारे ८३ लाख डॉलरचं इथर फुकट हातांत पडलं.

हे मी पुढे केव्हातरी आत्याला सांगितलं. तिने चाळीस वर्षं पाटी घेऊन भाऊच्या धक्क्यावर मासळी विकली आहे. तिला बिटकॉइन कळत नाही, लिलाव कळतो. म्हणाली, “बाकीच्यांच्या होड्या पोचल्या नसतील. त्या वक्ताला माल मांडायचाच नाय.”

पहाटे ५ नंतर

बिटकॉइनची दुसरी पडझड सुरू झाली. ६,००० कधीच मागे पडलं होतं. आता ५,०००ही गेलं.

सकाळी ७:३८

ओटीवर रेंज नव्हती. रेवसच्या धक्क्याच्या वाटेवर, जाळी वाळत घातली होती तिथे दोन दांड्या आल्या. भाव ४,०००च्या आत-बाहेर. ९च्या आत पैसे भरायचे होते. ०.१ बिटकॉइन विकलं. ३० हजारांना थोडे कमी आले, तेही एक्स्चेंजच्या खात्यात. बँकेत यायला वेळ लागणार हे विकल्यानंतर वाचलं.

त्या मिनिटाला विकणाऱ्यांतले कितीजण बिटकॉइनवरचा विश्वास उडाला म्हणून विकत होते? मी तरी नव्हतो. मी निफ्टीसाठी विकत होतो.

७:४६

बिटकॉइनच्या वायद्यांचं तेव्हाचं सर्वांत मोठं ठिकाण असलेलं बिटमेक्स बंद पडलं. सुमारे २५ मिनिटं. आधी यंत्राचा बिघाड म्हणून सांगितलं गेलं, नंतर सर्व्हरवर बाहेरून हल्ला झाल्याचं. तोपर्यंत तिथला भाव ३,६००च्या खाली टेकला होता, इतरत्र ३,८००च्या घरात. ते बंद पडलं आणि भाव खाली जायचा थांबला. जे बंद पडल्याने थांबलं, ते चालू राहिलं असतं तर कुठे थांबलं असतं, यावर पुढे बराच वाद झाला.

८:०५

धक्क्याच्या टोकाला गेलो. समोर धरमतरच्या खाडीचं तोंड, पलीकडे करंजा, वायव्येला मुंबई, धुक्यात.

या पाण्याला ही वेळ ठाऊक आहे. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. सकाळी आठच्या सुमाराला रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. साधारण दीड तासाचा प्रवास. अर्ध्या तासाच्या आसपास ती काशाच्या खडकाजवळ पोचली तेव्हा समुद्र उसळलेला होता. लाटेचं पाणी आत आलं. ज्या बाजूला पाणी आलं त्या बाजूचे लोक उठून दुसऱ्या बाजूला धावले. बोट एका अंगावर गेली आणि परत सरळ झाली नाही. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईला कळलं ते दुपार उलटल्यावर. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी माल टाकून माणसं उचलली.

त्याआधी वीस वर्षं, ११ नोव्हेंबर १९२७ला, याच कोकणपट्टीवर जयंती आणि तुकाराम या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. बोटी दोन, नावं दोन, वादळ एक.

आत्या रामदासची गोष्ट सांगताना लाटेला दोष देत नाही. आषाढात लाटा असतातच, म्हणते. ती धावणाऱ्यांनाही दोष देत नाही. पायाखाली पाणी आलं की कोण बसून राहील?

८:५०

बँकेत अजून १८,०००. ते ब्रोकरला पाठवले. पुरणार नव्हते.

९:००

कोळ्यांचा जुना हिशेब. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी, म्हणजे चार पाऊण तीन. भरती तीनला, तर ओहोटी नऊला. धक्क्याच्या दोन्ही बाजूंना गाळ उघडा पडला होता. बगळे चिखलात फिरत होते. मुंबईची लाँच लांब, पाण्यात उभी.

एका प्रवाशाने आवाज दिला, “अहो, आणा की अलीकडे!”

धक्क्यावर बसलेल्या तांडेलाने मान न वळवता सांगितलं, “गाळ हाय. पानी चढल्याबिगर नाय लागायची.”

कुणी वाद घातला नाही. लोक पिशव्या खाली ठेवून बसले.

९:१५

मुंबईचा बाजार उघडला. सेन्सेक्स दीड हजारांवर अंश खाली, आणि तिथून सरळ घसरण. पहिल्या पाच मिनिटांत ब्रोकरने माझा सौदा कापला. भाव ८,७००च्या आसपास. कालच्या ६५ हजारांवर आणखी तेवढेच.

९:२०

निफ्टी १० टक्के खाली. लोअर सर्किट. देशभर व्यवहार बंद, ४५ मिनिटं. पडझडीमुळे २००८नंतर पहिल्यांदा.

नियम साधा आहे. दुपारी एकच्या आत निर्देशांक दहा टक्के हलला तर पाऊण तास थांबायचं, मग पंधरा मिनिटं नुसत्या बोली गोळा करायच्या, मग पुन्हा सुरू. थांबल्याने कुणाचा तोटा भरून येत नाही. लोकांना पिशवी खाली ठेवायला वेळ मिळतो, इतकंच. माझी पिशवी पाच मिनिटं आधी पाण्यात गेली होती.

१०:२०

बाजार पुन्हा उघडला. सेन्सेक्स २९,३८८.९७पर्यंत उतरला होता. तिथून तो वर निघाला आणि थांबेना. तळापासून माथ्यापर्यंत पाच हजारांवर अंश, एका दिवसात. बिटकॉइनही मागोमाग वर सरकत होतं. पडताना एक, चढतानाही एक.

दुपारी २

गाळ बुडाला. लाँच धक्क्याला लागली. बसायच्या बाकांवर कालचं वर्तमानपत्र, पहिल्या पानावर महासाथ. लाँच नीट भरल्याशिवाय सुटायची नाही म्हणून पंधरा मिनिटं आणखी.

३:१०

काशाचा खडक मागे पडला तेव्हा रेंज परत आली आणि एसएमएस एकापाठोपाठ आले. बिटकॉइनचे पैसे बँकेत जमा, ३० हजारांना थोडे कमी. सौदा कापल्याची पावती. एका गटातला संदेश, ‘कुणी घेतलं का तळाला?’

३:३०

सेन्सेक्स १,३२५.३४ अंशांनी वर, ३४,१०३.४८. निफ्टी ९,९५५.२०. बिटकॉइन ५,०००च्या वर. लॉट हातात असता तर आतापर्यंतचा एकूण तोटा ३७ हजार असता. गेले होते एक लाख तीस हजार, आणि वर बिटकॉइनचे छत्तीस.

रविवारी, १५ तारखेला भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो फेरीबोट सुरू व्हायची होती. समोर बसलेले दोघे तिच्या तिकिटाबद्दल बोलत होते. मुंबईच्या बाजूने वारा सुटला, लाँच जराशी हलली, आणि उजवीकडे बसलेल्यांपैकी चौघेपाच उठून डावीकडे आले.